गवताला पाणी घालणारी बाई

या, अशा पुढे या. भिंतीकडेला नका बसू. आमच्या देवरूखच्या देवळात मनोहरबुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी सगळ्यांना पुढे ओढायचे. म्हणायचे, "भिंतीला पाठ टेकली की माणसाचं मन घराकडे जातं आणि डोळे झोपेकडे." तर सरका पुढे. आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. तिच्यात राक्षस आहे, समुद्र आहे, विरह आहे, एक देवमाणूस आहे आणि उरलेलं सगळं गवत आहे.

आमचे हे बोटीवर चीफ इंजिनिअर. हे म्हणजे हे. नाव नाही घेणार. माझी मुलगी गार्गी म्हणते, "आई, दिस इज टू थाउजंड एटीन, लाह!" ते 'लाह' म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट. असेल. तिच्या मैत्रिणींच्या आया नवऱ्याला हाक मारतात ती मला इथे सिंगापुरात, वुडलँड्सच्या बाराव्या मजल्यावर ऐकू येते. त्यांचं बरोबरच आहे. पण माझी जीभ लग्नात उखाण्यापुरती जी वळली, ती तेवढीच. आणि खरं सांगू, ज्याला हाक मारायची तो माणूस वर्षातले बरेच महिने समुद्रावर असला, की नाव तोंडात राहतं. पेपरमिंटसारखं. चावून संपवावंसं वाटत नाही.

तर गेली कितीतरी वर्षं गणपती आमच्याकडे नेमानं येतात, हे येत नाहीत. एकदा ब्राझीलजवळ होते, एकदा सुएझच्या रांगेत. ह्या वर्षी आषाढात फोन आला. आवाज एवढा खुशीत, की मला वाटलं बोटीला एखादं नवं इंजिनच मिळालं.

"सुरेखा, कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टमध्ये संपतंय. चतुर्थीला मी घरी."

मी कॅलेंडरात चतुर्थी शोधायला लागले.

"ऐकतेस ना? आणि एक कर. त्या पाकिटातल्या दूर्वा आणू नकोस हं. त्या गणपतीच्या आधी फ्रीजला वाहिलेल्या असतात. मला ताज्या खुडायच्यात. स्वतः."

हे हर्णैचे. लहानपणी गणपतीत ह्यांच्याकडे एकच काम, पहाटे बांधावर जाऊन दूर्वा खुडायच्या. जगभराच्या बंदरांतून फिरलेला माणूस, पण मागितलं काय, तर ओलं गवत.

मी फोन ठेवला आणि देवापुढे उभी राहून बोलले, "बाप्पा, दूर्वा मी माझ्या हातानं लावीन. तू ह्यांच्या हातानं खुडवून घे." नवस बोलून झाला. बोलताना माणसानं नीट विचार करावा, हे नंतर कळलं.

आता सिंगापुरात गवताला काय तोटा? सगळीकडे हिरवळ. खालच्या पार्कात मी वाकले मात्र, गार्गीनं माझा पदर धरला. "आई! पार्कमधलं काही तोडायचं नाही. फाइन लागतो." म्हणजे बघा, भोवती एवढं गवत, आणि देवाला वाहायला एक पातं नाही. मग तिनंच शोधून काढलं, की जवळच्या एका बागेत लोकांना भाजी लावायला वाफे भाड्यानं देतात. तिनं संगणकावर अर्ज उघडला.

"आई, काय लावणार विचारतायत."

"दूर्वा."

"लिस्टमध्ये नाही. बीन्स आहेत, चिली आहे, कांगकोंगची पालेभाजी आहे."

"मग 'इतर' टाक."

"इतर काय?"

"इतर म्हणजे गणपती बघून घेईल."

आणि त्यानं बघितलं हो! वाफ्यांसाठी लोक ताटकळत असतात, पण कुणीतरी मध्येच सोडून गेलं आणि तो वाफा आम्हाला मिळाला. बागेच्या समितीच्या मिसेस टेओ मला दाखवायला घेऊन गेल्या. लाकडी कठड्याचा, पलंगाएवढा वाफा, आणि त्यात गुडघाभर गवत. बाईंना बिचाऱ्यांना इतकं ओशाळं झालं. सॉरी सॉरी म्हणाल्या, आधीच्यानं लक्ष दिलं नाही, हवं तर दुसऱ्यासाठी थांबा. मी तिथेच हात जोडले. मागायच्या आधी देणारा देव! "नो, नो, व्हेरी गुड!" मी म्हणाले. छत गळतं म्हणून घर पसंत करणाऱ्या बाईकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शेजारच्या वाफ्यावर ओंग अंकल. सत्तरी ओलांडलेले, पायात गमबूट, गळ्यात टॉवेल. पूर्वी बस चालवायचे. त्यांचा वाफा म्हणजे हळदीकुंकवाला मांडलेलं ताट, एक पान इकडचं तिकडे नाही. पहिल्याच दिवशी ते स्वतःचा विळा घेऊन माझ्या मदतीला आले. मी वाफ्याच्या आडवी उभी राहिले.

"आंटी, धिस वन ऑल ग्रास."

"येस, अंकल."

"ग्रास कॅनॉट ईट, लाह."

"आय नो, अंकल." आणि मी झारी घेऊन गवताला पाणी घालायला लागले.

तेव्हापासून त्या बागेत माझं नाव 'ग्रास आंटी' पडलं. देवरूखात माझे वडील हेडमास्तर होते. त्यांच्या मुलीला परदेशात पदवी मिळाली ती ही. लोक आपापल्या भेंड्यांना पाणी घालता घालता हळूच माझ्याकडे बघत. मीही मान ताठ ठेवून फोनवर मनोहरबुवांचं जुनं कीर्तन लावायची. बुवांचा आवाज, मागे झांजा, पेटी, आणि वर इथलं ऊन. ओंग अंकलांना वाटलं, गाणं गवतासाठी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या मिरच्यांसाठी रेडिओ आणला. इकडे बुवा द्रौपदीच्या हाकेला पोचले, की तिकडे चिनी ऑपेरातली राणी टाहो फोडायची. दोघींचंही दुःख एकच असावं, सूर तरी जुळत होता.

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर मी फोटो टाकला, आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. एकीनं सांगितलं, ताक घाल. दुसरीनं सांगितलं, ताक अजिबात नको, मुंग्या येतील. तिसरी म्हणाली, दूर्वा लावायच्याच नसतात, त्या आपणहून उगवल्या तरच देवाला चालतात. क्लेमेंटीच्या अनघानं नुसता अंगठा दाखवला आणि रविवारी नवऱ्यालाच घेऊन आली. प्रबोध तिथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करतो. तो उकिडवा बसला, चष्मा वर केला, एक पातं तोडून उन्हात धरलं आणि डॉक्टर घरच्यांना बाजूला घेतात त्या आवाजात म्हणाला, "काकू, ह्या दूर्वा नाहीत."

"तुझा विषय काय रे?"

"बॅटऱ्या."

"मग?"

"पण आमच्या आजीचं सोवळं कडक होतं. चुकीचं गवत आणलं की जेवायला मिळायचं नाही." त्यानं पातं माझ्या हातात दिलं. "केवढं रुंद आहे बघा. हे लॉनचं गवत."

आषाढ सरेपर्यंत मी लॉनला पाणी घातलं होतं. कीर्तन ऐकवलं होतं. आता त्या गवताला मोक्ष मिळाला असेल, पण माझ्या नवसाचं काय?

अनघा म्हणाली, "काकू, रडू नका. पाकिटातल्या दूर्वा आणा, पेराला मुळी दिसेल त्या निवडा आणि खोचा." म्हणजे ज्या पाकिटाला ह्यांनी नावं ठेवली, त्याच्याच पाया पडायची पाळी. लिटिल इंडियात जाऊन मी फुलवाल्याची पाकिटं उन्हात धरून धरून बघितली. तो म्हणाला, "अक्का, नोटा तपासताय का?"

जुनं गवत उपटायला घेतलं, तेव्हा ओंग अंकलांना जो आनंद झाला तो काय सांगू! त्यांना वाटलं, बाई शुद्धीवर आली. स्वतः कठड्यावर चढले, मुळासकट उपटून पोती भरली, माती भुसभुशीत केली, वर घरचं खत घातलं. मग हात झटकून कौतुकानं बघत उभे राहिले, की आता आंटी काय लावते. आणि मी पिशवीतून गवत काढलं.

त्यांनी खताची रिकामी पिशवी घडी घालून बाजूला ठेवली.

"आंटी. यू थ्रो ग्रास."

"येस, अंकल."

"देन यू प्लांट ग्रास."

"डिफरंट ग्रास, अंकल."

ते खाली वाकले, नीट बघितलं, आणि म्हणाले, "सेम कलर."

पण दूर्वा लागल्या हो! पेरापेराला मूळ धरत पसरल्या. तीन पानांची कोवळी टोकं वर आली आणि मला ह्यांची पावलं उंबऱ्यात दिसायला लागली. फोनवर सांगितलं तर म्हणाले, "हात लावू नकोस हं. मी आल्यावर."

आता श्रावणात आली तपासणी. मिसेस टेओंच्या हातात नियम, चेहऱ्यावर संकट. वाफ्यात खायच्या किंवा उपयोगाच्या वनस्पती हव्यात. गवत म्हणजे तण. तण काढायचं.

"हे कोण खातं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

आता गणपती खातो म्हणावं, तर पुढचा प्रश्न, तो इथला रहिवासी आहे का. मी म्हटलं, औषधी आहे. खोटं नव्हतं, अंगातल्या उष्णतेवर आमच्याकडे दूर्वांचा रस देतात. बाईंची सुटका झाली. त्यांनी लगेच एक छान पाटी आणून वाफ्यात रोवली, 'औषधी वनस्पती, उष्णतेवर गुणकारी.'

सिंगापुरात, मंडळी, उष्णता कुणाला नाही? दोन दिवसांत बागेतल्या सगळ्या आज्या माझ्या वाफ्याशी. एकीनं सूपमध्ये उकळल्या, एकीनं चहा केला, एकीनं मला थांबवून सांगितलं की तिच्या नवऱ्याला रात्री शांत झोप लागली. अर्धा वाफा भादरला. मी पाटी उपटून घरी आणली आणि सोफ्यामागे लपवली. अजून तिथेच आहे.

मग मी ओंग अंकलांना खरं सांगितलं. माझा नवरा बोटीवर असतो, सणाला घरी येतोय, त्याच्यासाठी आहे हे सगळं. ते एकदम गंभीर झाले. "हजबंड कमिंग होम?" त्यांनी तीनदा विचारलं. त्यांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून माझी झारी मी पोचायच्या आत भरलेली असायची, आणि कुणी आजी वाफ्याकडे वळली की अंकल खोकायचे.

इथे कीर्तनात बुक्का लावतात, बुवांना हार घालतात, आणि पुढे उत्तररंग सुरू होतो. तुम्ही एकदा पाणी प्या. कारण आता मला ताप येणार आहे.

चतुर्थी तोंडावर, आणि मी आठवडाभर तापानं आडवी. गार्गीनं मला बाहेर सोडलंच नाही. उठून बसल्याबरोबर पहिली बागेत गेले. ओंग अंकल फाटकाशीच उभे होते, नवा शर्ट घालून. मला हाताला धरून वाफ्याशी नेलं, जसं काही नव्या घराचं दार उघडतायत.

वाफ्यात मिरच्यांची रोपं होती. एका रांगेत, सरळ. मागे कांगकोंग. कडेला झेंडूसुद्धा. गवताचं एक पातं नव्हतं.

"हजबंड कम होम, सी ग्रास, व्हेरी शेमफुल," ते म्हणाले. "नाऊ व्हेरी नाइस."

हे सगळं त्यांनी ऐन उन्हात, एकट्यानं, त्या वयात केलं होतं. मी डोळ्यांत पाणी आणून "थँक यू, अंकल" म्हटलं. त्यांना वाटलं, आनंदाश्रू. त्यांनी टॉवेल पुढे केला.

त्यांचा टॉवेल डोळ्यांना लावलेला असतानाच फोन वाजला. बोटीवरून.

"सुरेखा, जमत नाहीये. माझ्या जागी येणारा मेडिकलला अडकला. दुसरा मिळेपर्यंत मला सोडत नाहीत."

"बरं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? इतक्या वर्षांत हा शब्द माझ्या तोंडात एवढा गुळगुळीत झालाय, की आपोआप घसरतो.

"ऐक ना. उद्या बोट सिंगापूरलाच येतेय. तेल भरायला. बाहेर नांगरून थांबेल नि संध्याकाळी सुटेल."

"मग या की घरी! तासभर!"

"तेल भरताना चीफ इंजिनिअर हलू शकत नाही गं. सगळं माझ्याच सहीवर असतं." मग म्हणाले, "तुझ्या दूर्वा तरी पाठव. बोटींना सामान पोचवतो त्या निशिकांतच्या लाँचबरोबर. बोटीवरच्या पोरांनी मेसमध्ये गणपती बसवायचं ठरवलंय."

मी मिरच्यांकडे बघत म्हटलं, "पाठवते."

फोन ठेवला आणि मग मात्र मला आवरेना. वाफ्याच्या कठड्यावर बसून मी हमसून हमसून रडले. अंकल घाबरले. "यू डोन्ट लाइक चिली?" मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी त्यांना सगळं सांगायला बसले. बुवांसारखंच, पहिल्यापासून. की एक राक्षस होता, नुसता आगीचा. देव, ऋषी सगळ्यांना जाळत सुटला. आमच्या हत्तीच्या तोंडाच्या देवानं त्याला गिळून टाकलं. पण मग देवाच्याच पोटात आग पेटली. चंद्र आणला, कमळं आणली, काही होईना. शेवटी ऋषींनी डोक्यावर हे गवत ठेवलं, तेव्हा शांत झाला. आणि माझा नवरा, अंकल, बोटीच्या पोटात, इंजिनाच्या आगीशेजारी उभा असतो.

आयुष्यभर कीर्तनं ऐकली, करायची वेळ आली ती ही, एका श्रोत्यापुढे, गमबूट घातलेल्या. पण असा श्रोता बुवांनाही मिळाला नसेल. अंकल सबंध गोष्ट उभ्यानं ऐकत होते. संपल्यावर त्यांनी एकच केलं. टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "कम."

बागेच्या मागे खताचा ढीग होता. त्याच्या पलीकडे त्यांनी माझं गवत एका पोत्यात भरून फेकलं होतं. पोतं एका बाजूनं फाटलेलं. आणि त्या फाटक्या बाजूनं, मंडळी, हिरव्यागार दूर्वा बाहेर येऊन जमिनीवर चालायला लागल्या होत्या! उपटल्या, कोंबल्या, फेकल्या, तर जिथे पडल्या तिथे मूळ धरलं. माझ्या वाफ्यात इतकी तरतरी कधी नव्हती. बोटीवरच्या माणसांच्या बायकांनी हे गवत एकदा बघून यावं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघं त्या ढिगाशी. मी एक दाखवली, तीन पानांची, कोवळी, अशी. अंकलांनी चष्मा लावला आणि खुडायला लागले. चार पानांची आली की मला विचारायचे, "धिस वन रिजेक्ट?" शेवटी त्यांनी दह्याच्या रिकाम्या डब्यात मुळासकट एक गड्डा बसवला आणि वर ओली माती दाबली. "हजबंड कॅन प्लांट," म्हणाले. वरून त्यांच्या वाफ्यातल्या मूठभर मिरच्या. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

निशिकांत बोटींना भाजीपाला, साबण, दोरखंड पोचवणाऱ्या कंपनीत आहे. वेस्ट कोस्टच्या धक्क्यावर दूर्वा, मोदक, मिरच्या असं सगळं त्याच्या हातात दिलं.

"वहिनी, पाकिटावर नाव?"

"चीफ इंजिनिअर लिहा ना."

"अहो, नाव तर लागेल."

मी गार्गीकडे बघितलं. गार्गीनं आभाळाकडे बघितलं आणि बापाचं नाव आडनावासकट खडाखडा सांगून टाकलं.

"आम्हाला नाही का जाता येणार लाँचमधून?" तिनं एकदम विचारलं. मराठीत. 'लाह'शिवाय.

निशिकांतनं मान हलवली. तेल भरताना पाहुणे चालत नाहीत.

संध्याकाळी आम्ही दोघी ईस्ट कोस्टला गेलो. समुद्रात बोटीच बोटी, एकामागे एक, दिवे लागायला लागलेले. सगळ्या सारख्या. ह्यातली कुठली आपली? गार्गी फोनवर काहीतरी नकाशा बघून म्हणाली, "ती, आई. नाही, ती. नाही, वेट." तेवढ्यात फोन आला.

"मिळाल्या," हे म्हणाले.

"कशा आहेत?"

"छान. खताचा वास येतोय थोडा." आणि हसले. "इतक्या निवडून कुणी खुडल्या? तुला तर चष्म्याशिवाय दिसत नाही."

"ओंग अंकलांनी."

"आणि मिरच्या?"

"त्याही त्यांनीच. तुम्ही येणार म्हणून बाग केलीय त्यांनी तुमच्यासाठी."

ते म्हणाले, "जुड्या उद्या वाहीन. पण तो दह्याचा डबा आहे ना, तो माझ्या केबिनच्या खिडकीत ठेवलाय. पहिली दूर्वा त्यातली. उद्या पहाटे मी स्वतः खुडणार."

मी वाळूतच हात जोडले. कारण तेव्हा मला माझा नवस आठवला. मी लावीन, तू ह्यांच्या हातानं खुडवून घे. बाप्पानं शब्द पाळला होता, अगदी काना-मात्रेसकट. 'घरी' एवढंच म्हणायचं माझं राहून गेलं होतं.

"तुम्ही डेकवर आहात?" मी विचारलं.

"हो. तू किनाऱ्यावर?"

"हो."

"हात हलव."

मी हलवला. गार्गीनंही दोन्ही हात वर केले. शेजारून धावणारा एक मुलगा आम्हाला बघून आपणही हात हलवून गेला. आणि मग त्या दिव्यांतला एक हळूहळू सरकायला लागला, की मला तसं वाटलं, देव जाणे.

हे अजून बोटीवरच आहेत. आता म्हणे दिवाळीला. डबा लहान पडला म्हणून दूर्वा कॉफीच्या डब्यात हलवल्यात. ओंग अंकल रोज विचारतात, "हजबंड कम?" मी "नॉट येट" म्हणते. ते माझ्या मिरच्यांना पाणी घालतात, आणि मिरच्यांच्या मध्ये एक वीतभर जागा त्यांनी मोकळी सोडलीय, गवतासाठी. तिथलं तण ते काढतात, दूर्वा ठेवतात. आता त्यांना फरक कळतो.

तर बायांनो, माझी एकच मागणी. येत्या संकष्टीला दूर्वांची जुडी बांधाल, तेव्हा त्यातला एक अंकुर समुद्रावरच्या माणसासाठी म्हणून वाहा, आणि त्याची आठवण काढा. आठवण काढायची तर नाव हवं, हे मलाही कळतं. हसू नका. जवळ या, एकदाच सांगणार आहे.

शामकांत.

घेतलं बाई.